क्रॉस मधात काऊन नाही?

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या घड्याळजीकडे आता घड्याळं फारशी येत नाहीत. येतात त्या कॉलेजांच्या मायक्रोस्कोपच्या नळ्या, सर्व्हेवाल्यांचे जुने लेव्हल, क्वचित एखादी दुर्बीण. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. काही अडलं की त्याचा फोन येतो. गेल्या पावसाळ्यानंतर असाच आला. "सर, मालगुजाराच्या वाड्यातून रायफलीचे दोन स्कोप आले. एकाचा क्रॉस मधात नाही दिसून राह्यला. कोनात जाऊन बसला. पडला असंन का?"

गेलो. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चाप बसला, पुढे कधीतरी त्या घरातली रायफलही जमा झाली. स्कोप, म्हणजे निशाणा धरायच्या दुर्बिणी, मात्र जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले ट्रंकेतच राहून गेले. एक जर्मन, चारपट मोठं दाखवणारा, लोखंडी नळीचा. त्यावरचं 'वेट्झलर' हे जर्मन गावाचं नाव एवढंच वाचता येत होतं. दुसरा अमेरिकन, टेक्सासमधल्या एल पासोच्या वीव्हर कंपनीचा के-४. हाही चारपटच. मालगुजाराच्या नातवाचं म्हणणं सरळ होतं: दोन्ही 'फोर एक्स' आहेत, तर फरक काय?

जुन्या स्कोपबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा हाच आकडा विचारतात, आणि माझ्या मते तो सगळ्यात कमी कामाचा. खरा प्रश्न घड्याळजीनं विचारला होता.

स्कोपातली तार, म्हणजे घड्याळजीचा तो क्रॉस, कुठे असते ते आधी बघू. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल असतं. प्रतिमा तयार होण्याआधीच ते किरणांना अडवतं, त्यामुळे नळीत कुठेही खरी प्रतिमा पडत नाही. तार लावायला जागाच नाही. केपलरच्या दुर्बिणीत दोन्ही भिंगं बहिर्गोल. पुढचं भिंग नळीच्या आत हवेतच एक उलटी प्रतिमा उभी करतं आणि डोळ्याकडचं भिंग ती मोठी करून दाखवतं. त्या प्रतिमेच्या जागी बारीक धागा ताणला तर धागा आणि दूरचं झाड दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज खगोलप्रेमीला १६४० च्या सुमारास हे कळलं, ते म्हणे एका कोळ्यामुळे. कोळ्यानं नळीत नेमका त्या जागी धागा ओढला होता.

पुढे थिओडोलाइट, म्हणजे सर्व्हेत कोन मोजायची यंत्रं, उभे राहिले ते याच युक्तीवर. भारताच्या महासर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटचं तत्त्व आणि ट्रंकेतल्या या वीतभर नळ्यांचं तत्त्व एकच. मी शिकत असताना थिओडोलाइटमधला असा एक धागा माझ्या फुंकरीनं तुटला होता. कोळ्याचा धागा काही मायक्रॉनचा, आपला केस त्याच्या दहापट तरी जाड. तुटला तेव्हा काही दिसलंच नाही; भिंगातून पाहिल्यावर तो नाहीसा झालेला कळला. सरांनी दोन महिने मला त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही.

हे तत्त्व इतकं जुनं असूनही पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी काही रायफलींवर गॅलिलिओ पद्धतीची भिंगं बसवली होती. लॅटी नावाचा प्रकार त्यातलाच. नळी नाहीच: एक भिंग पुढे नळकांड्याच्या टोकाशी, एक छोटं मागे डोळ्याजवळ. स्वस्त आणि हलकं. पण दिसणारा भाग इतका चिमुकला, आणि पुढचं भिंग पावसाचिखलात इतकं उघडं, की ती वाट तिथेच संपली.

आता मुख्य भानगड. स्कोप रायफलीवर कितीही नीट बसवला तरी त्याची रेषा आणि गोळीची रेषा नेमकी जुळत नाही. काहीतरी हलवावं लागतं. काय हलवायचं? जुन्या स्कोपांमधला खरा फरक या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

एक उत्तर: अख्खी नळीच हलवा. एकोणिसाव्या शतकातले न्यूयॉर्कच्या सिरॅक्यूजमधले विल्यम माल्कमचे लांबलचक स्कोप तसे, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन नेमबाजांनी वापरलेला आठपटीचा उनर्टलही तसाच. नळीच्या आत काही हलत नाही. बाहेरच्या कड्यातले मायक्रोमीटर स्क्रू नळीचं मागचं टोक सरकवतात. शिवाय ही नळी कड्यांमध्ये मोकळी असते. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि जडत्वामुळे नळी जागच्या जागी राहते, म्हणजे रायफलीच्या हिशेबात पुढे सरकते. स्प्रिंग नसेल तर दर गोळीनंतर ती हातानं मागे ओढायची. बघायला वेडगळ वाटतं, पण भिंगांना धक्काच बसत नाही.

दुसरं उत्तर: नळी घट्ट ठेवा, आतली तार हलवा. ट्रंकेतला के-४ या जातीचा, आणि दुसऱ्या महायुद्धातला पीयू नावाचा सोव्हिएत स्कोपही. इथे गणित अवघड होतं. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर १०० मिलिमीटर धरा; निशाणा तेवढा सरकवायला तार फक्त ०.०२९ मिलिमीटर हलवायची. अर्ध्या केसाहून कमी! उनर्टलसारख्या नळीत दोन कड्यांमधलं अंतर साधारण १८ सेंटिमीटर असतं, म्हणून त्याच कोनासाठी स्क्रू ०.०५ मिलिमीटरच्या वर फिरतो. लांब तरफेचा फायदा. आत तार हलवणाऱ्याला बारीक आटे कापावे लागतात, आणि त्या आट्यांतलं ग्रीस थंडीत थिजलं किंवा उन्हात पाझरलं की नॉबवरचे क्लिक नुसते आवाजापुरते उरतात.

घड्याळजीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तार हलते, पण आपल्याला दिसणारं गोल वर्तुळ जागचं हलत नाही. रायफलीवर स्कोप किंचित तिरका बसला असेल तर तार सरकवून निशाणा जुळतो, पण मग क्रॉस वर्तुळाच्या मध्याला सोडून खाली किंवा कोपऱ्यात जातो. पडलेला नाही, बिघडलेला नाही. चांगला कारागीर आधी नळी कड्यांमध्येच सरळ बसवायचा, म्हणजे तारेला कमी पळावं लागायचं.

जर्मनांनी यात अर्धी अर्धी वाटणी केली. त्यांच्या त्या काळच्या अनेक स्कोपांत, झाइसच्या त्सीलफीअरमध्येसुद्धा, तार फक्त वर-खाली हलते. डावं-उजवं माउंटच्या, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या पकडीच्या, स्क्रूंनी जुळवायचं. आमच्या वेट्झलरवाल्यालाही वर एकच नॉब होता आणि नातू दुसरा शोधत होता.

तिसरं उत्तर नंतर आलं, आणि आजही तेच चालतं. केपलरची प्रतिमा उलटी असते. ती सरळ करायला नळीत आणखी एक छोटी नळी भिंगांसकट असते. तार त्या छोट्या नळीलाच जोडली आणि ती नळीच एका टोकावर थोडी कलती केली तर? तार कायम मध्यात दिसते, चित्र तिच्यामागून सरकतं. आज दुकानातला कुठलाही स्कोप उचला, क्रॉस मधातच असतो. म्हणून जुना हातात घेतला की लोकांना तो मोडका वाटतो.

सोव्हिएत मंडळींची गोष्ट मला यात सगळ्यात आवडते. त्यांच्या आधीच्या पीई स्कोपला डोळ्याप्रमाणे फोकस करायची कडी होती. कडी फिरते म्हणजे फट असते, आणि फटीतून ओल शिरते. पुढच्या पीईएममध्ये कडीच काढून टाकली. पीयू त्याहून आखूड: साडेतीनपट, जेमतेम १७ सेंटिमीटर, पाव किलोहून थोडा जड. त्याच काळातला ब्रिटिश नंबर ३२ स्कोप मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेला. तीनच पट, पण वजन किलोभर, आणि वरच्या ड्रमवर हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले. मला विचाराल तर पीयू बनवणाऱ्यानं काय काढायचं ते ओळखलं होतं.

उरला प्रकाश. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. स्कोप ट्यूबलाइटखाली धरा आणि पुढच्या भिंगात ट्यूबचं प्रतिबिंब बघा. आमच्या जर्मन स्कोपात ते पांढरंशुभ्र होतं, वीव्हरमध्ये जांभळट. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो. अशा नळीत दहा पृष्ठभाग धरले तर पोचतो ६६ टक्के. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलानं काचेवर प्रकाशाच्या पाव तरंगलांबीएवढा थर चढवण्याचं पेटंट घेतलं. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. दर पृष्ठभागाचं नुकसान दीड टक्क्यावर आणलं तरी त्याच दहा पृष्ठभागांतून ८६ टक्के मिळतो. थर मधल्या हिरव्या रंगासाठी बेतलेला असतो. निळा-तांबडा थोडा परततोच, म्हणून जांभळी झाक. जर्मनीनं हे युद्धाचं गुपित म्हणून जपलं. आमचा वेट्झलरवाला बहुधा त्याआधीचा.

तरीही संध्याकाळी गच्चीवर दोन्ही शेजारी ठेवून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं, तेव्हा जर्मनच सरस ठरला. त्याचं पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं, भागिले चार, म्हणजे डोळ्यापाशी ८ मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत. हातभर लांब धरला की तो पांढऱ्या टिकलीसारखा दिसतो. पट्टीनं मोजता येतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझी पाचच्या आसपास उघडत असेल, म्हणजे माझ्यापुरतं ते उतू जाणारं दूध. शिवाय त्यात बारीक क्रॉस नव्हता. खालून टोकदार जाड खांब आणि दोन बाजूंना दोन जाड पट्ट्या. मचाणावर दिवेलागणीला बसणाऱ्याला तेच हवं. वीव्हरची नाजूक तार सात वाजता टाकीच्या सावलीत विरघळून गेली.

एवढं टिकूनही दोन्ही नळ्यांना नागपूरनं सोडलं नव्हतं. जुन्या जोडभिंगांच्या दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या डिंकानं चिकटवलेल्या असतात; त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा, म्हणून तो सांधा दिसत नाही. आमच्याकडच्या कितीतरी उन्हाळ्यांनी त्याला पिवळट कड आली होती. वीव्हरमध्ये मात्र घड्याळजीला कोळ्याचं जाळं दिसत होतं. जाळं नव्हे, बुरशी. नाभीजवळच्या भिंगावर वाढली की तिचे धागे तारेइतकेच स्पष्ट दिसतात. पुढच्या भिंगावर वाढली तर धागे दिसत नाहीत, नुसतं चित्र मळकं होतं. ल्यूपोल्डसारख्या स्कोप बनवणाऱ्या कंपन्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटाकडे नळीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायला सुरुवात केली. हा के-४ सीलबंद होता की नव्हता कोण जाणे, आता तरी नव्हता.

बुरशी घड्याळजीनं दोन दिवसांत काढली. तिच्या आम्लानं जांभळ्या थरावर उमटलेली नक्षी राहिली. ती जात नाही.

मग त्यानं वीव्हरच्या नॉबची टोपी उघडली. "क्रॉस मधात आणून देतो सर, पाच मिनिटांचं काम."

मी त्याचा हात धरला. ती तार मध्यापासून जेवढी सरकली आहे तेवढीच ती रायफल आणि ही नळी एकमेकींना तिरक्या होत्या. कोणीतरी एकेक क्लिक फिरवून, गोळ्या खर्चून जुळवलेलं ते माप आहे. रायफल नाही, माउंट नाही. जर्मन स्कोपाचं डावं-उजवं तर माउंटबरोबरच गेलं. नातवालाही हे पटलं, किंवा त्यानं तसं दाखवलं.

घड्याळजीनं टोपी परत लावली. "मग बिल कशाचं फाडू?"

"बुरशीचं."