बबल सीपॅप

घशात नळी न घालता, नाकावाटे सतत सौम्य दाबाने हवा व ऑक्सिजन देण्याची पद्धत. अपुऱ्या दिवसांची बाळे आणि न्यूमोनिया किंवा ब्रॉन्किओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज) झालेली लहान मुले यांच्यासाठी ती वापरतात.

धाप लागलेल्या तान्ह्या बाळाचे पोट उडते, नाकपुड्या फुलतात आणि ते कण्हू लागते. हे कण्हणे निरर्थक नसते. श्वास सोडताना स्वरयंत्र अर्धवट मिटून बाळ फुप्फुसात थोडी हवा अडवून धरते, म्हणजे वायुकोश (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या) मिटत नाहीत. बाळ दमले की हा उपाय संपतो. सीपॅप तेच काम बाहेरून करते. सॅन फ्रान्सिस्कोतील जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी नवजात बाळांवरील असा उपचार 1971 मध्ये प्रसिद्ध केला.

मांडणी अगदी साधी. नाकात नळ्या, आणि उच्छ्वासाच्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले. टोक 5 सेंमी खोल असेल, तर दाबही साधारण 5 सेंमी पाण्याइतका. बुडबुडे थांबले, की कुठेतरी हवा गळते आहे किंवा प्रवाह कमी पडतो आहे, हे लगेच कळते. महागड्या यंत्रांनाही इतकी बोलकी खूण क्वचितच असते.

ढाक्यातील डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीपासून असा संच बनवला. तीव्र न्यूमोनिया आणि रक्तात ऑक्सिजन कमी असलेल्या, पाच वर्षांखालील मुलांवरील त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले : नेहमीचा मंद प्रवाहाचा ऑक्सिजन घेणाऱ्यांत मृत्यू 15 टक्के, बबल सीपॅपवर 4 टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

आफ्रिकेतील मलावी देशातल्या सलीमा जिल्हा रुग्णालयात मात्र उलटे घडले. तिथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. तीव्र न्यूमोनियासोबत एचआयव्ही, कुपोषण किंवा ऑक्सिजनची कमतरता असलेल्या मुलांत सीपॅपवरील मृत्यू 17 टक्के, मंद प्रवाहावर 11 टक्के, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडची मुले सारखी नव्हती, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही; पण बाटली स्वस्त म्हणून उपचारही स्वस्त, हा समज इथे टिकत नाही. पोटात हवा भरून उलटी श्वासमार्गात जाऊ शकते, म्हणून जठरात नळी घालून पोट मोकळे ठेवावे लागते. नाकाच्या पडद्याला जखम होते. फुप्फुस फुटून छातीत हवा साठण्याचा प्रसंग विरळा, पण तो वेळीच ओळखणारे माणूस खाटेजवळ असावे लागते.