बालपणीचा ताण, उदासी आणि आमच्याकडच्या वनस्पती

"भाऊ, डिप्रेशनवर कोणती जडीबुटी चालते?" नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. परवा एका ताईंनी मोबाइलवरची यादीच पुढे केली: हळद, केशर, अश्वगंधा, ब्राह्मी. भाच्यासाठी हवं होतं. मुलाची आई लहानपणीच गेली, वडील दारूत, पोरगा या घरातून त्या घरात वाढला. "याच्या गोळ्या बंद करून हेच सुरू करू का?" त्यांनी विचारलं. काट्यावर ओतलेली अश्वगंधा आम्ही परत डब्यात घातली, त्यांना स्टूल दिलं. तेव्हा जे बोललो ते इथे छापलं आहे.

लहानपणीचा ताण अंगात मुरतो. भीती वाटली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि धोका टळला की उतरतं. मूल रोजच धास्तीत राहिलं तर ही घडीच विस्कटते आणि मोठेपणीही नीट बसत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोमधली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसनं आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चौपट ते बारापट निघाला. त्यामुळे अशा मुलाला "मन घट्ट कर" म्हणू नका.

वनस्पतींचा अभ्यास बराचसा उंदरांवर झाला आहे. पिल्लांना पहिले दोन आठवडे रोज तीनेक तास आईपासून दूर ठेवतात. ती मोठी झाली की साधं पाणी आणि साखरपाणी शेजारी-शेजारी ठेवतात. एरवी उंदीर साखरपाण्याकडे धावतो. यांतल्या बऱ्याच उंदरांची गोडाची ओढच कमी झालेली असते, आणि हे उदासीचं लक्षण मानतात. मग हळदीतलं कर्क्युमिन किंवा द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेरॅट्रॉल देऊन ती ओढ परत येते का, मेंदूतला दाह उतरतो का, हे बघतात. काही प्रयोगांत फरक दिसला. आम्हाला त्याचा आनंद आहे, पण तेवढ्यावर तुमच्या मुलाची गोळी थांबवा असं आम्ही सांगणार नाही.

माणसांवरही छोट्या चाचण्या झाल्या आहेत. तेहरानमध्ये सौम्य ते मध्यम नैराश्याच्या रुग्णांना रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क सहा आठवडे दिला आणि त्यांना उतार पडला. हळदीचं म्हणाल तर आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती आम्ही अभिमानाने विकतो. पण साधारण हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असतं आणि त्यातलंही थोडंच रक्तात उतरतं. चमचाभर हळदीचं दूध जरूर प्या, औषध समजून नको. मिऱ्यातलं पायपरिन घातलेल्या कॅप्सूलने कर्क्युमिन जास्त उतरतं, तशी दुसरी औषधंही रक्तात वाढू शकतात.

झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हा समज सर्पगंधेने कधीच खोटा ठरवला. तिच्यातून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं काढलं, रक्तदाबावर ते खूप वापरलं गेलं, आणि काही रुग्णांना त्यानेच उदासीने घेरल्याच्या नोंदी झाल्या. वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय सर्पगंधा आम्ही देत नाही. सेंट जॉन्स वर्ट, म्हणजे उदासीवर घेतली जाणारी परदेशी वनस्पती, आम्ही ठेवत नाही. कोणी ऑनलाइन मागवलं असेल तर लक्षात घ्या: त्याने गर्भनिरोधक आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर कमी होतो, आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत ते घेणं जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात, थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असताना अश्वगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नका.

येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा. तुम्ही काय घेताय ते डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही सांगा. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे. घरात कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर पुडीसाठी आमच्याकडे येऊ नका, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टर नको म्हणाले तर पुडी परत आणा. उघडलेली असली तरी पूर्ण पैसे देऊ.