चरबीच्या पेशीचं वय

परवा पेपर उघडला तर आतून गुलाबी हँडबिल पडलं. 'चरबी वितळवा! ३० दिवसांत १० किलो, तेही कायमचं!' खाली तेलाच्या बाटलीचं चित्र आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर. चरबी काही तुपासारखी वितळून वाहून जात नाही. १० किलो चरबी शरीरात जळली की तिचा ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडतो आणि १.६ किलोचं पाणी होतं. बाहेरून तेल चोळून हे कसं साधणार ते बाटलीवाल्यालाच ठाऊक. मला मात्र टोचला तो शेवटचा शब्द. कायमचं.

माझ्या मामेबहिणीचं वजन आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन १८ किलो उतरलं. आता झालं म्हणून तिनं औषध सोडलं आणि वर्षभरात १२ किलो परत आले. 'तोंडावर ताबा नाही,' हे नातेवाइकांचं निदान तयारच होतं. पण सेमाग्लुटाइड या अशाच आठवडी इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत औषध थांबवलेल्यांच्या बाबतीतही नेमकं हेच झालं होतं. घटलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग एका वर्षात परत. एवढ्या सगळ्यांचा ताबा एकदम सुटला म्हणायचं का?

यामागचं एक कारण कळतं चरबीच्या पेशीचं वय मोजल्यावर. आणि ते वय ज्या रीतीनं मोजलं, ती गोष्ट मला फार आवडते.

१९५५ ते १९६३ या काळात अमेरिका आणि सोव्हिएत रशियानं उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्यांचा सपाटा लावला होता. स्फोटातले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळले की कार्बन-१४ तयार होतो. एरवी लाख कोटी कार्बन अणूंमागे असा एखादाच अणू असतो. त्या वर्षांत हवेतलं त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३च्या करारानं या चाचण्या थांबल्या आणि समुद्र व झाडं तो कार्बन शोषत गेली, तसं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. झाडांतून तो धान्यात आला, धान्यातून आपल्यात.

आता गंमत बघा. पेशीतले बहुतेक रेणू सतत मोडतात आणि नव्यानं बनतात. डीएनए मात्र पेशी जन्मताना एकदा बनला की त्यातला कार्बन जवळजवळ बदलत नाही. म्हणजे डीएनएमधल्या कार्बन-१४चं प्रमाण मोजायचं आणि ते हवेतल्या प्रमाणाच्या उतरत्या आलेखाशी ताडून बघायचं, की पेशीच्या जन्माचं साल कळतं. बॉम्बनं लिहून ठेवलेला जन्मदाखलाच! स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या काढलेल्या चरबीतून पेशी वेगळ्या केल्या, त्यांचा डीएनए काढला आणि त्यातले हे अणू त्वरकाला जोडलेल्या वस्तुमान-वर्णपटमापीनं मोजले. (हे यंत्र अणू त्यांच्या वजनानुसार वेगळे करून मोजतं. एवढं कळलं तरी पुरे.)

२००८ साली निष्कर्ष आला. दरवर्षी चरबीच्या साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात. बारीक माणूस असो की जाड, प्रौढ वयात एकूण संख्या जवळपास तीच राहते. जठराचं ऑपरेशन करून भरपूर वजन उतरवलेल्यांच्या पेशी दोन वर्षांनी पुन्हा मोजल्या, तर प्रत्येक पेशी आक्रसलेली होती, पण संख्या तेवढीच! गोदामातला माल गेला, गोदामं जागच्या जागी.

आणि रिकामं गोदाम गप्प बसत नाही. चरबीची पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं त्याचं जनुक शोधलं. पेशी आक्रसली की लेप्टिन घटतं आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. मग भूक वाढते, शरीराचा ऊर्जाखर्च कमी होतो. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी ५८ किलो उतरवलेल्यांचे ४१ किलो परत आले होते. तरीही विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. म्हणजे चार-पाच पोळ्या, रोजच्या.

भरीस भर, २०२४ साली झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की वजन उतरल्यावरही उंदरांच्या चरबीच्या पेशींत डीएनएच्या गुंडाळणीवर जाडीच्या खुणा राहतात. अशा उंदरांना पुन्हा चरबीयुक्त खाणं दिलं, तर ते इतरांपेक्षा लवकर फुगले. वर्षाला १० टक्के या गतीनं निम्म्या पेशी बदलायला सातेक वर्षं लागतात. म्हणून उपचारानंतरचा काळ महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावा असं मला वाटतं.

तोवर जपायचं काय? आधी स्नायू. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येते ती मुख्यतः चरबीच. आपल्याकडे हे जास्त महागात पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. मुळातच स्नायूंची शिल्लक कमी, त्यात उपचारांनी आणखी घालवायची नसेल, तर ताटात डाळ, अंडं, दही हवं आणि नुसतं चालणं पुरत नाही, वजनही उचलायला हवं.

जठराचं ऑपरेशन झालेल्यांनी बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचं असतं. बी-१२चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, त्यामुळे गोळी सोडली तरी पहिलं वर्ष छान जातं. तळपायांना मुंग्या येतात त्या नंतर, आणि तोवर फॉलोअपची फाइल माळ्यावर गेलेली असते.

बहिणीनं डॉक्टरांशी बोलून औषध पुन्हा सुरू केलंय, कमी डोसवर. पाच किलोच्या कणकेच्या दोन पिशव्या घेऊन ती रोज जिना चढते-उतरते. दर रविवारी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिते, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. दोन किलो वाढले की लगेच दवाखान्यात फोन.