टॅबलेट कपाटात का जातो, धंदा वहीतच का राहतो

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये नवी सिस्टिम बसते. मशीन थांबलं की ऑपरेटरनं टॅबलेटवर कारण टाकायचं. ट्रेनिंगच्या दिवशी सगळे माना डोलावतात आणि तीन महिन्यांत टॅबलेट सुपरवायझरच्या कपाटात जातो. ‘आपल्या लोकांना बदल नकोच असतो,’ असं मालक म्हणतो. हे निदान बहुतेक वेळा चुकतं.

माणूस नवं तंत्रज्ञान का स्वीकारतो, याचं सर्वांत गाजलेलं उत्तर फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकानं १९८९ मध्ये मांडलं. त्यानं दोनच गोष्टी मोजल्या: ‘यानं माझं काम सुधारेल का?’ आणि ‘हे वापरायला सोपं जाईल का?’ दोन पाहण्यांत मिळून १५२ जण होते. लोकांनी स्वतः सांगितलेल्या वापराशी (एकीत सध्याच्या, दुसरीत पुढे करू म्हटलेल्या) उपयुक्ततेचं नातं ०.६३ आणि ०.८५ निघालं, सोपेपणाचं ०.४५ आणि ०.५९; इथे १ म्हणजे पूर्ण जोड, ० म्हणजे काहीच नाही. थोडक्यात, फायदा दिसला तर माणूस किचकटपणा सोसतो. नुसत्या सोपेपणासाठी बिनकामाची वस्तू कोणी वापरत नाही.

पण उपयोग कुणाचा? मशीन किती वेळ बंद होतं, हा आकडा मालकाच्या कामाचा. ऑपरेटरला त्यातून मिळते ती ‘एवढा वेळ काय करत होतास?’ ही विचारणा. त्याच्या बाजूनं उपयुक्तता शून्य नव्हे, उणे आहे.

सोपेपणाचा हिशेबही मशीनजवळ उभं राहूनच करावा. टचस्क्रीनला बोटातून जाणारा विजेचा सूक्ष्म बदल कळतो. सुती हातमोजा तो अडवतो, आणि काचेवर कूलंटचा (कापताना मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) ओला थर असला की भलतंच बटण दाबलं जातं. म्हणजे हातमोजा काढा, हात पुसा, पासवर्ड टाका, मग इंग्रजीतल्या वीस-बावीस कारणांच्या यादीत आपलं कारण शोधा. थांबणं दोन मिनिटांचं आणि नोंद एका मिनिटाची! मग सगळ्या नोंदी शिफ्ट सुटताना आठवून भरल्या जातात आणि यादीतलं पहिलं कारण बदाबद निवडलं जातं. महिनाअखेरीच्या अहवालात ‘टूल बदलणं’ अव्वल येतं, ते केवळ यादीत वर आहे म्हणून. त्यावर टूलची खरेदी ठरते, हा आणखी वेगळा घोळ.

दुरुस्ती अवघड नाही. मराठीतली पाच-सहा मोठी बटणं ठेवा, पासवर्ड काढा, थांबण्याची वेळ मशीनच्या सिग्नलवरूनच आपोआप घ्या. आणि मुख्य म्हणजे ‘मटेरियल नाही’ हे बटण दाबलं की स्टोअरमध्ये घंटा वाजली पाहिजे आणि तेवढी मिनिटं ऑपरेटरच्या टार्गेटमधून वजा झाली पाहिजेत.

२००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी असे आठ सिद्धान्त एकत्र केले. फायदा आणि कष्ट यांच्या जोडीला त्यात आजूबाजूच्यांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी हे घटक आले. लोकांचा दबाव मुख्यतः सक्ती असते तिथे आणि सुरुवातीच्या काळात चालतो. सवय झाली की ओसरतो. म्हणून पहिल्या महिन्यातल्या शंभर टक्के वापरावर पेढे वाटू नयेत.

धंदा करायच्या इच्छेची चौकटही याच घराण्यातली आहे. आयझेक आयझेन यांच्या १९९१ च्या मांडणीत तीन प्रश्न येतात: मला हे आवडेल का, माझ्या माणसांना चालेल का, आणि मला जमेल का? ‘आधी दोन वर्षं नोकरी कर, मग बघू,’ हे वाक्य पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना पाठ असतं, त्यामुळे सगळा दोष घरच्यांवर जातो. पण फ्रान्सिस्को लिन्यान आणि यी-वेन चेन यांनी २००९ मध्ये स्पेन आणि तैवानमधली उत्तरं तपासली, तेव्हा घरच्यांच्या मताचा इच्छेवर थेट परिणाम दिसला नाही. तो आवड आणि ‘जमेल’ या भावनेतून वळसा घेऊन येतो. आई-वडिलांशी वाद घालण्यापेक्षा पहिली छोटी ऑर्डर पुरी करणं जास्त कामाचं, असं मला त्यावरून वाटतं.

इथे कामगार विद्यार्थ्याच्या पुढे असतो. दहा वर्षं लेथ चालवलेल्याला जॉबचा भाव, कोणाचं पेमेंट रखडतं, जुनं मशीन कुठे मिळतं, हे ठाऊक असतं. त्याचं घोडं अडतं ते खेळत्या भांडवलापाशी: मटेरियल रोखीनं आणि पैसे तीन महिन्यांनी. अशा वेळी प्रेरणादायी भाषणापेक्षा माहिती उपयोगी पडते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते. एमएसएमई कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. मात्र मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर माल मिळाल्याची तारीख आणि सही नसेल, तर दिवस कधीपासून मोजायचे यावरच वाद अडकतो.

कॉलेजांतल्या पाहण्या फसतात त्या वेगळ्याच कारणानं. उद्योजकता कार्यशाळेच्या शेवटी, चहा-बिस्किटांच्या आधी फॉर्म फिरतो: ‘तुम्हाला उद्योजक व्हायचंय का?’ आलेलेच मुळात हौशी, समोर सर उभे, मग ‘हो’ येणारच. नेदरलँड्समधल्या एका कॉलेजात हेसल ऊस्टरबेक आणि सहकाऱ्यांनी अभ्यासक्रमाच्या आधी आणि नंतर मोजणी केली, शिवाय तो न केलेल्यांशी तुलना केली. २०१० मध्ये छापलेल्या त्या निकालात अभ्यासक्रमानंतर इच्छा घटली होती. मला ते अपयश वाटत नाही. मुलांना धंद्याचं वजन कळलं असावं.

इच्छा वाढली तरी कृती तेवढी हलत नाही. थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोग एकत्र तपासले. त्यात एकाच मापावर इच्छेतला बदल ०.६६ इतका, तर वागण्यातला ०.३६, म्हणजे निम्म्याहून थोडाच जास्त. हे अंतर थोडं कमी होतं ते केव्हा, कुठे, काय हे आधी ठरवल्यानं. त्यामुळे फॉर्ममध्ये ‘उद्योजक व्हायचंय का?’ हा प्रश्न ठेवायचाच असेल तर त्याखाली आणखी तीन रकाने हवेत: पहिलं गिऱ्हाईक कोण, त्याला कोणत्या तारखेला भेटणार, आणि दर किती सांगणार. कोरे किती राहिले ते मोजा.