नाशिक-नागपूर हवाई प्रवास : अंतर, वेळ आणि ओझरची धावपट्टी

नाशिकजवळील ओझर आणि नागपूरचे सोनेगाव या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर, म्हणजेच जवळपास २९५ सागरी मैल आहे. नाशिकरोडहून मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा या मार्गाने रेल्वेने गेल्यास तेच अंतर ६५० किलोमीटरच्या घरात जाते. वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदराशी जोडणारा हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, आणि तेव्हापासून दीर्घकाळ नाशिककरांसाठी नागपूर म्हणजे एका रात्रीचा प्रवास राहिला.

विमानांच्या बाबतीत दोन्ही शहरांची वाटचाल अगदी वेगळी झाली. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेचे ते केंद्र बनले; दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती पुन्हा आपापल्या शहरांकडे उडत. ओझरची धावपट्टी मात्र प्रवाशांसाठी झालीच नव्हती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार असताना, १९६४ मध्ये, येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि आज सुमारे तीन किलोमीटर लांबीची असलेली ही धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ताब्यात राहिली. लढाऊ विमानांची गर्जना ओझर परिसरातील पिढ्यांच्या कानांत बसली, पण विमानात बसायचे तर मुंबई गाठावी लागे. नाशिकच्या हवाई प्रवासाला झालेल्या उशिराचे मूळ या इतिहासात आहे, असे मला वाटते.

प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये तयार झाले, तरी नियमित उड्डाणांची प्रतीक्षा संपली नाही. प्रादेशिक शहरे जोडण्यासाठी २०१६ मध्ये आलेल्या ‘उडान’ योजनेने सुमारे तासाभराच्या उड्डाणातील काही आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून दिले. त्यातून डिसेंबर २०१७ मध्ये एकोणीस आसनी विमाने ओझरहून उडू लागली, परंतु ती सेवा टिकली नाही. नागपूरची थेट सेवा इंडिगोने मार्च २०२३ मध्ये सुरू केली.

या मार्गावरील एटीआर हे पंख्याचे विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने तासाभरात पोहोचायला हवे, तरी वेळापत्रकातील आकडा दीड तासाच्या आसपास असतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वळसा घेणे आणि थांब्यापर्यंत येणे हे सारे धरलेले असते. हिवाळ्यात वरच्या थरांतील वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना विमानाला पाठबळ मिळते आणि परतताना तोच वारा समोरून येतो.

विमानात बसण्याआधी ओझर गाठायला नाशिकच्या द्वारका चौकातून आडगाव मागे टाकून, ‘दहावा मैल’ या ठिकाणावरून जानोरीच्या दिशेने वळावे लागते. हे वीसेक किलोमीटर, त्यावरील वाहतूक आणि उड्डाणापूर्वीची तपासणी धरली, तर दीड तासाचा प्रवास घरापासून चार तासांच्या जवळ जातो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून मोटारीने जाणाऱ्यांचा वेळही बराच घटला आहे, म्हणून ओझरच्या विमानाची खरी तुलना आता रात्रीच्या रेल्वेपेक्षा या रस्त्याशी करावी लागते.