तांब्याला जीव कसा येतो: घरातल्या वस्तूंच्या जाहिरात-ॲनिमेशनची पार्श्वभूमी

मराठवाड्यात वस्तूशी बोलणं नवं नाही. जात्यावरच्या ओव्यांत बाई जात्याला देव म्हणते, त्याच्यापाशी मन मोकळं करते. गंगाखेडच्या जनाबाईच्या दळणाला तर विठ्ठलच हात लावतो. पडद्यावर मात्र वस्तूलाच हलावं लागतं, आणि तिथे पहिली अडचण येते ती कडकपणाची. तांब्या, परात, बाटली वाकत नाहीत. या कलेतल्या बहुतेक युक्त्या या एका अडचणीतून निघाल्या आहेत.

सर्वांत जुनी युक्ती म्हणजे वस्तू न वाकवता अख्खीच सरकवणं: एक फ्रेम (म्हणजे एक स्थिर चित्र) टिपायची, वस्तू जराशी हलवायची, पुढची फ्रेम टिपायची. अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी 1907 साली अशा प्रकारे सुरीला आपोआप पाव कापायला लावलं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1915च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या.

दुसरी युक्ती बदलीच्या भागांची. 1930च्या दशकात जॉर्ज पाल यांनी नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या रेडिओसाठी जाहिरातपट केले. त्यात प्रत्येक हालचालीसाठी लाकडाचा वेगळा तुकडा घडवलेला असे. पिल्सबरी या पिठाच्या कंपनीच्या कणकेच्या बाहुल्यासाठी 1965 साली पाच धडं आणि पंधरा डोकी होती. बोलताना नुसतं डोकं बदलायचं.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1 जानेवारी 1976 पासून. आपल्या टीव्हीचा वेग सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 30 सेकंदांच्या जाहिरातीला 750 फ्रेम. एक मांडणी दोन फ्रेम टिकवली, तर 375 मांडण्या. प्रत्येकीला तीन मिनिटं धरली, तरी जवळपास 19 तास लागतात. एवढ्या वेळात प्रकाश बदलला की चित्र लुकलुकतं. लातूर-नांदेडकडे व्होल्टेज वरखाली होतं आणि हॅलोजन लगेच मंदावतो. त्यामुळे बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे लावलेले बरे. खिडक्या काळ्या कापडाने झाका. फोन असो की कॅमेरा, फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही हाताने पक्के करा. मे महिन्यात पारा 42च्या पुढे गेला की वस्तूला लावलेले मातीचे हात-ओठ लोळतात, तेव्हा काम रात्री घ्यावं.

स्टीलचा तांब्या यात सर्वांत त्रासदायक, कारण त्याच्या पोटात अख्खी खोली दिसते. भोवती पांढऱ्या कापडाचा तंबू करून भिंगापुरतंच भोक ठेवायचं आणि हलवणाऱ्याने काळे कपडे घालायचे. टेबलाखाली चुंबक लावून तांब्या उभा करायला जाल, तर बऱ्याच स्टीलला चुंबक धरत नाही. बुडाला लोखंडी पत्रा चिकटवावा लागतो. तिरका उभा करायचा असेल, तर आत तळाशी वाळू भरा आणि मागच्या बाजूने, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, मातीचा टेकू द्या.

संगणकाने वस्तू वाकवण्याची मुभा दिली. तरी 1986 साली पिक्सार या अमेरिकी ॲनिमेशन कंपनीने दाखवलेल्या टेबल-लॅम्पला ना डोळे होते, ना तोंड. उडी घेण्याआधी तो सांध्यांत दुमडे, आणि एवढ्यावरच तो पोर वाटे. आमच्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. नंतर याच कंपनीने लिस्टरिन या गुळण्यांच्या औषधाच्या बाटलीला मुष्टियोद्धा केलं. बाटली ताणताना तिचं आकारमान मात्र तेवढंच राहायला हवं: उंची 20 टक्के वाढवली, तर दोन्ही बाजूंची रुंदी सुमारे 9 टक्के कमी करावी लागते. ती तशीच ठेवली, तर बाटली ताणल्यासारखी नव्हे, फुगल्यासारखी दिसते.

वजनाचंही तसंच. जमिनीकडे पडणारा तांब्या सुरुवातीपासून दर फ्रेमला सुमारे 1, 3, 7, 12.5, 20 आणि 28 सेंटिमीटर खाली आलेला असतो. अंतरं समान ठेवली, तर तो पडत नाही, पोहऱ्यासारखा दोरीने उतरतो. हे गणित हाताने हलवताना लागतं, तसंच ब्लेंडर या संगणकावरच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्येही लागतं. ब्लेंडरमध्ये आणखी एक पाहायचं: वस्तूचा आकार ज्या रेषांच्या जाळीने बनतो, तिच्या आडव्या रेषा मानेपाशी पाच-सहा तरी ठेवा. दोनच ठेवल्या, तर तांब्या मान वळवताना तिथे चुण्या पडतात, आणि त्या चकचकीत पृष्ठभागावर लपत नाहीत.