शिंपी, दर्जी, टेलर : तीन शब्दांची उसवण

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांची ओळ संपत आली की शिलाई मशीनचा आवाज कानावर येऊ लागतो. तेथल्या दुकानाच्या पाटीवर ‘टेलर्स’ असे लिहिलेले असते. दखनी बोलणारे गिऱ्हाईक त्याच कारागिराला ‘दर्जी’ म्हणते आणि लग्नाचा बस्ता बांधून खेड्याकडे परतलेली आजी घरी सांगते, “कपडे शिंप्याकडं टाकलेत.” काम एक, माणूस एक आणि नावे तीन. ही नावे वेगवेगळ्या भाषांतून आली हे सहज लक्षात येते. परंतु त्यांपैकी एकाच्याही मुळाशी ‘शिवणे’ हे क्रियापद नाही, ही गोष्ट शब्द उसवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

‘शिंपी’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘शिल्पिन्’ या शब्दात आहे. शिल्प म्हणजे हातचे कसब आणि शिल्पिन् म्हणजे ते कसब अंगी असलेला कोणताही कारागीर, मग तो दगड घडवो, लाकूड तासो की कापड शिवो. मराठीच्या बहिणींमध्ये हा व्यापक अर्थ अजून टिकून आहे. सिंहली भाषेत याच शब्दाचा वंशज सर्वसाधारण कारागिराला लावतात, तर असमियात ‘शिपिनी’ म्हणजे सूतकताईत आणि विणकामात तरबेज असलेली स्त्री. मराठीत मात्र अर्थ आक्रसत गेला आणि अनेक कारागिरांपैकी केवळ कपडे शिवणाऱ्याच्या वाट्याला तो आला.

‘शिल्पिन्’चा ‘शिंपी’ होण्याचा प्रवास नियमाने झाला आहे आणि मला तो अर्थाच्या प्रवासाइतकाच मोलाचा वाटतो. दोन वेगळ्या ठिकाणी उच्चारली जाणारी व्यंजने जोडून आली की प्राकृतात पहिले व्यंजन दुसऱ्यासारखे होते. म्हणून सर्पाचा ‘सप्प’ झाला, दुग्धाचे ‘दुद्ध’ झाले आणि शिल्पिन्‌चा ‘सिप्पी’ झाला. पुढे मराठीत हे जोडाक्षर सुटे झाले. त्याची भरपाई कधी आधीचा स्वर लांबवून झाली, जसे ‘साप’ आणि ‘दूध’, तर कधी अनुस्वाराने झाली, जसे पक्षाचा ‘पंख’ आणि उष्ट्राचा ‘उंट’. ‘शिंपी’तला अनुस्वार या दुसऱ्या वाटेने आलेला आहे.

त्यातला ‘श’ तर अधिकच विलक्षण आहे, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा टिकून राहिलेला नाही. महाराष्ट्री प्राकृतात श, ष आणि स या तिन्हींच्या जागी एकटा ‘स’ उरला होता आणि त्यानंतर मराठीने ‘इ’ या स्वरापूर्वी येणाऱ्या ‘स’चा पुन्हा ‘श’ केला. सीमेची ‘शीव’ झाली, सिक्थाचे, म्हणजे भाताच्या कणाचे, ‘शीत’ झाले, सिध्यतीचे ‘शिजणे’ झाले. म्हणजे शिंप्याचा ‘श’ एकदा गमावून पुन्हा मिळवलेला आहे. ज्या प्राकृतात तो हरवला, तिचा सातवाहनांच्या काळात प्रतिष्ठानाला, म्हणजे आपल्या पैठणला, मोठा मान होता. त्याच संस्कृत शब्दाला पंडितांनी नंतर पुन्हा मराठीत आणले तेव्हा तो ‘शिल्पी’ या रूपात आला. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे कातळातून कोरणाऱ्यांना आपण शिल्पी म्हणतो आणि बाजारात सदरा शिवणाऱ्याला शिंपी म्हणतो. शब्द मात्र मुळात एकच आहे. शिंपल्याचा किंवा शिंपडण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते केवळ ध्वनिसाम्य आहे.

‘दर्जी’ फारसीतून आला. फारसीत ‘दर्ज़’ म्हणजे शिवण, सांधा, दोन भाग जेथे एकमेकांना भिडतात ती रेघ. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत उर्दू ही कारभाराची भाषा होती आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ती राजवट टिकली, त्यामुळे अशा शब्दांचा आपल्याकडचा वावर अधिक घट्ट आहे. हाच ‘दर्ज़’ मराठीत आणखी एका रूपाने रुळला आहे. भिंतीला किंवा फळीला पडलेल्या फटीला आपण ‘दरज’ म्हणतो आणि जुन्या दगडी वाड्याची डागडुजी करताना गवंडी दोन दगडांमधल्या सांध्यात चुना किंवा सिमेंट दाबून बसवतो, त्याला ‘दरजा भरणे’ म्हणतात. गवंड्याची दरज आणि दर्ज्याची शिवण या सख्ख्या बहिणी आहेत. ‘वरचा दर्जा’ म्हणताना येणारा ‘दर्जा’ आणि ‘तक्रार दर्ज करणे’ यातला ‘दर्ज’ हे मात्र वेगळ्या अरबी शब्दांपासून आलेले आहेत.

‘टेलर’ची कथा एका काडीपासून सुरू होते. लॅटिन भाषेत ‘तालेआ’ म्हणजे बारीक काठी किंवा लावण्यासाठी छाटलेले कलम. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये चिरणे, कापणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले, त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘कापणारा’ हा शब्द आला आणि 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांची सत्ता आल्यावर फ्रेंचच्या पाठीवर बसून तो इंग्रजीत पोहोचला. फ्रेंचमध्ये आजही दगड घडवणाऱ्या पाथरवटाला याच शब्दाने ओळखतात, फक्त पुढे ‘दगडाचा’ असे जोडतात. शिल्पी आणि शिंपी, दरजा भरणारा गवंडी आणि दर्जी, फ्रेंच पाथरवट आणि टेलर : तिन्ही शब्दांत कापडाशेजारी दगड उभा असावा, हे पाहून मी बराच वेळ थांबून राहिलो. त्याच लॅटिन काडीची इतर पिल्लेही आपल्या बोलण्यात आहेत. तुकडे पाडून सांगितलेली माहिती म्हणजे ‘डिटेल’, घाऊक मालातून कापून विकणे म्हणजे ‘रिटेल’, आणि काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवण्याच्या जुन्या युरोपीय रिवाजातून आलेला शब्द म्हणजे ‘टॅली’. आडतीवरचा मुनीम ‘हिशेब टॅली झाला’ म्हणतो तेव्हा तो नकळत त्या खाचांचीच आठवण काढत असतो. जर्मन ‘श्नायडर’ आणि हंगेरियन ‘साबो’ यांचाही अर्थ कापणारा असाच आहे.

शिवणाऱ्याला कापणारा का म्हणावे, याचे उत्तर दुकानात दहा मिनिटे उभे राहिले की मिळते. कारागीर कापड दुहेरी घडी घालून फळीवर पसरतो, आडव्या-उभ्या धाग्यांची दिशा बोटाने चाचपतो, खडूने छाती, बाही आणि गळ्याच्या रेघा मारतो, शिवणीच्या बाहेर बोटभर ‘माया’ सोडतो आणि मग क्षणभर थांबून कात्री चालवतो. टाका चुकला तर उसवता येतो, कात्री चुकली तर कापड गेले. म्हणून मोठ्या दुकानात मशीनवर शिकाऊ मुलगा बसतो आणि कात्री उस्तादाच्या हाती असते. या कामाला मराठीत ‘बेतणे’ म्हणतात. मनात योजलेल्या गोष्टीला आपण ‘बेत’ म्हणतो आणि मापाबरहुकूम कापड कापण्याला ‘बेतणे’, हे शेजारपण मला फार अर्थपूर्ण वाटते.

ज्या ‘शिवणे’ला या तिन्ही नावांनी वगळले, त्याचे घराणे मात्र सर्वांत जुने आहे. संस्कृत ‘सिव्’ या धातूपासून मराठी ‘शिवणे’ आले आणि ‘सूत्र’ व त्यातून आपले ‘सूत’ही याच धातूचे मानले जाते. इंग्रजीत शिवण्याला ‘सो’ म्हणतात आणि लॅटिनमधून आलेला शल्यवैद्यांचा ‘सूचर’ म्हणजे जखमेचा टाका. हे दोन्ही त्याच आदिम मुळाचे आहेत. कवटीची हाडे जेथे दातेरी रेघेने जुळतात त्या सांध्यालाही डॉक्टर ‘सूचर’च म्हणतात. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या सात ‘सेवनी’ सांगितल्या आहेत आणि त्यांपैकी पाच डोक्यात आहेत. ‘सेवनी’ हाही ‘सिव्’ धातूचाच शब्द आहे. रोमन आणि भारतीय वैद्यांनी कवटीकडे पाहिले तेव्हा दोघांनाही शिवणच आठवली.

शरीरशास्त्रात शिंप्याची आणखी एक खूण आहे. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघून मांडीवरून तिरपा उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूस खाली टेकणारा ‘सार्टोरियस’ हा माणसाच्या शरीरातला सर्वांत लांब स्नायू. आपण मांडी घालून बसतो तेव्हा पाय दुमडून बाहेरच्या अंगाला वळवण्यात त्याचा हातभार लागतो. लॅटिनमध्ये ‘सार्टोर’ म्हणजे ठिगळ लावणारा, फाटके सांधणारा. जुने शिंपी मांडी घालून शिवत असत, म्हणून स्नायूला त्यांचे नाव मिळाले.

हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि नामदेव शिंपी होते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 1708 मध्ये ज्या नांदेडात गुरू गोविंदसिंगांनी त्या ग्रंथाला गुरुपद दिले, ते नरसीहून फार दूर नाही. त्यांतल्या एका पदात नामदेव म्हणतात, ‘मनु मेरो गजु जिहबा मेरी काती’, माझे मन हा गज, म्हणजे कापड मोजण्याची पट्टी, आणि माझी जीभ ही कात्री. ‘गज’ फारसी आहे, तर ‘काती’ आणि आपली ‘कात्री’ कापणे या अर्थाच्या संस्कृत ‘कृत्’ धातूच्या आहेत. सोन्याची सुई आणि रुप्याचा धागाही पुढे त्याच पदात येतो. दुसऱ्या एका पदात ते आपला जन्म ‘छीपे के घरि’ झाल्याचे सांगतात. उत्तरेत छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारा. अशा रीतीने शिंप्याला तेथे चौथे नाव मिळाले. पण त्याच ओळींत ‘दैला’, ‘भैला’ आणि ‘भेटुला’ अशी क्रियापदे आहेत आणि त्यांतला ‘ला’ आपल्या ‘आला’, ‘गेला’मधल्यासारखाच कानाला लागतो.